गोलकीपरचा घरचा सराव: आधी हात, मग पाय, पडणं सगळ्यात शेवटी

मे महिन्यातली गोष्ट. सरावाला येणारा एक १३ वर्षांचा पोरगा दोन्ही कोपरं सोलून आला. विचारलं तर म्हणाला, "टेरेसवर डाइव्ह मारत होतो सर. दादा शॉट मारत होता." म्हणजे कोब्यावर! बरं, एवढी कातडी घालवून उपयोग काय झाला? त्याच संध्याकाळी १५ फुटांवरून सरपटत आलेला मवाळ बॉल त्याच्या पायांमधून आत गेला.

कोल्हापुरात पेठेतली फुटबॉल खेळणारी पोरं मी संध्याकाळी सरावाला घेतो. त्यांत दर हंगामाला असे चार-पाच तरी निघतात. घरी सराव करतात, मनापासून करतात, पण क्रम उलटा. आधी डाइव्ह, मग जमलं तर कॅच, आणि पायांकडं तर बघायलाच नको. खरं म्हणजे डाइव्ह शिकायची जागा मैदान. तिथं माती किंवा गवत आहे, शॉट मारायला पोरं आहेत, चूक दाखवायला कोच आहे. घरात होण्यासारखं काम वेगळं आहे: बोटांची पकड, उभं राहायची पद्धत, पहिली दोन पावलं, आणि बॉल कुठं असला की आपण कुठं असायचं याचा हिशोब. मैदानावरच्या दीड तासात वीस पोरांमधल्या एकट्या गोलीला (गोलकीपरला) नेमकं याच गोष्टींसाठी कुणी थांबून वेळ देत नाही.

खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. पहिल्या आठवड्यात चौथ्या टप्प्याच्या पुढं जाऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी.

सुरू करण्याआधी: जागा आणि सामान

जागा फार लागत नाही. लांबी १२ फूट, रुंदी ६ फूट आणि एक पक्की भिंत मिळाली की नव्वद टक्के काम होतं. अंगण, परडं, पार्किंगचा कोपरा, टेरेस, काहीही चालेल. टेरेस असेल तर कठडा छातीएवढा उंच हवा आणि तुमची पाठ कधीही कठड्याकडं नको. मागं सरकत सरकत माणूस कुठं पोचतो ते बॉलकडं बघताना कळत नाही.

भिंत शक्यतो कंपाउंडची घ्या. शेजाऱ्याच्या बेडरूमला लागून असलेली भिंत दुपारी दोन ते चार वापरलीत तर सराव तुमचा नाही, शेजारच्या आजींच्या सहनशक्तीचा होतो. पहिल्याच दिवशी जाऊन वेळ विचारून या. मी हे केलं नव्हतं. माझा बॉल आठ दिवस त्यांच्या माळ्यावर होता.

सामान:

- एक फुटबॉल. १२ वर्षांच्या आतल्यांना ४ नंबर, त्यापुढं ५ नंबर.
- दोन टेनिस बॉल. नवे नकोत, केस गेलेले बरे.
- खडू, आठ-दहा मीटर सुतळी, जुन्या चपला चार, रिकाम्या बाटल्या दोन.
- उड्या मारायची दोरी.
- जाड गादी. ही फक्त सातव्या टप्प्याला लागते.
- ग्लोव्हजची जुनी जोडी. नवी जोडी मॅचसाठी ठेवा. भिंतीवरून परत येणाऱ्या बॉलवर बारीक खडे आणि चुना असतो, त्यानं तळव्यावरचं लॅटेक्स, म्हणजे रबराचा थर, लवकर झिजतं.

बॉलमधली हवा बघायला विसरू नका. दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबल्यावर तो किंचित आत जायला हवा. दगडासारखा कडक बॉल घेऊन भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहिलं की बोटं दुखावतात, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळे मिटायची सवय लागते. ती सवय घालवायला महिने जातात.

सावधान: हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, गंडादोरा, सगळं काढून ठेवा. नखं कापलेली हवीत. ओल्या टेरेसवर सराव नाही. पावसाळ्यात शेवाळ दिसत नाही, घसरल्यावर समजतं.

टप्पा १: पाच मिनिटं अंग मोकळं करणं

जागच्या जागी हलकं पळणं एक मिनिट. मग मुठी आवळून-उघडून वीस वेळा, मनगटं गोल फिरवणं, खांदे पुढं-मागं, खुब्यातून पाय बाहेरच्या बाजूला उघडणं, घोटे फिरवणं. बोटांना विशेष वेळ द्या. थंडीत सकाळी सहा वाजता आखडलेल्या बोटांवर बॉल घेतला की करंगळी आणि अंगठा आधी दुखावतात.

टप्पा २: उभं राहणं

इथं सगळे घाई करतात. "उभं राहायला काय शिकायचं?" मी सांगतो, निम्मे गोल उभं राहण्यात जातात.

पाय खांद्याइतके किंवा चार बोटं जास्त रुंद. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. छाती बॉलच्या दिशेला, डोकं पुढं, नाक साधारण पायांच्या अंगठ्यांच्या रेषेत. हात शरीराच्या दोन्ही बाजूंना, किंचित पुढं, कंबरेच्या पातळीवर, तळवे बॉलकडं. शॉट जवळून असेल तर हात आणखी खाली, कारण जवळून मारलेला बॉल बहुतेक वेळा खालीच राहतो, आणि हात वरून खाली न्यायला वेळ पुरत नाही.

आपल्याकडं सगळ्या पोरांचे हात-पाय आधी गल्ली क्रिकेटमध्ये घडलेले असतात, त्यामुळं दोन ठरलेल्या चुका होतात. एक, विकेटकीपरसारखी खाली बैठक. तिथून बाजूला जायचं तर आधी उठावं लागतं, तोवर बॉल जाळीत. दुसरी, हात गुडघ्यांवर टेकवून वाट बघणं. स्लिपमध्ये ठीक आहे, गोलात नाही.

तपासा: त्या स्थितीत उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या टाचेखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवायला सांगा. कागद सहज गेला तर वजन बरोबर चवड्यावर आहे. अडला तर तुम्ही टाचांवर उभे आहात. मग त्यांनाच छातीला बोटानं हलकं ढकलायला सांगा. मागं झुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.

एक मिनिट या स्थितीत, तीस सेकंद विश्रांती, असं तीनदा. मांड्या भरून येतात. यायलाच हव्यात.

टप्पा ३: हात

घरच्या सरावाचा जीव इथं आहे. रोजच्या वेळेतला निम्मा वेळ याला द्या.

छातीच्या वरचा बॉल

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या मिळून इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार होतो. अंगठे एकमेकांना चिकटवायचे नाहीत, मध्ये बोटभर अंतर. हात बॉलच्या बरोबर मागं आणि थोडे वरच्या बाजूला. कोपरं वाकलेली, शरीरापुढं, आणि बॉल चेहऱ्यासमोर फूटभर अंतरावर पकडायचा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागं ओढायची सवय असते. इथं हात बॉलला सामोरे जातात, आणि मग कोपरांतून तो धक्का मुरवायचा.

भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहा. बॉल खालून हलकेच भिंतीवर टाका, परत येईल तो छातीच्या उंचीवर पकडा. दहाचे तीन फेरे. पहिला फेरा ग्लोव्हजशिवाय. उघड्या बोटांना बॉल कुठं लागला ते लगेच कळतं.

तपासा: आवाज ऐका. टाळी वाजल्यासारखा "फट्" आला तर बॉल तळव्यावर आदळलाय, आणि तळव्यावर आदळलेला बॉल उसळतो. "ठप" असा दबका, पोत्यावर पडल्यासारखा आवाज आला की समजा बोटांची टोकं आधी लागली. आमच्याकडं एक मुलगी आहे. ती डोळे बंद करून बाकीच्यांचे कॅच ऐकते आणि कुणाचा सुटणार ते आधी सांगते. बहुतेक वेळा बरोबर सांगते.

दहातले दोन सुटले तर वेग कमी करा, अंतर वाढवा. दहातले दहा आले तरच अर्धा मीटर पुढं या. बहुतेक पोरं उलटं करतात: सुटायला लागले की आणखी जोरात मारतात.

डोक्यावरचा बॉल

भिंतीवर उंच टाका आणि एका पायावर उडी घेऊन जास्तीत जास्त उंचीवर पकडा. उडीत दुसरा गुडघा वर आलेला हवा. गर्दीत समोरून धावत येणाऱ्यापासून तोच तुम्हाला वाचवतो. गुडघा दोन्ही बाजूंचा आळीपाळीनं. पाच आणि पाच, बस. खाली उतरताना गुडघे वाकवून, फरशीवर ताठ पायांनी नाही.

जमिनीवरचा बॉल

आता त्या सोललेल्या कोपरांच्या पोराची चूक. सरपटत येणारा बॉल बघून तो पाय फाकवून कंबरेतून वाकला. हात गेले, पण बॉल हातांखालून सुटला आणि मागं अडवायला काहीच नव्हतं.

पद्धत अशी. बॉलच्या रेषेत या. एक पाय पुढं, दुसऱ्या पायाचा गुडघा आत वळवून पुढच्या पायाच्या टाचेजवळ आणा, जमिनीच्या दोन बोटं वर. गुडघा जमिनीवर टेकवून बसायचं नाही, टेकवला की उठायला उशीर. हातांची ओंजळ: करंगळ्या जवळ, तळवे वर, बोटं जमिनीला घासून. बॉल ओंजळीत येऊ द्या, मनगटावरून हातांवर चढू द्या, आणि छातीशी कवटाळा. दोन्ही हात शेवटपर्यंत एकमेकांना समांतर. कोपरं फाकली की बॉल मधून निसटून पोटाखाली जातो.

तपासा: ५ नंबर बॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. टाच आणि गुडघा यांच्यातलं अंतर अर्ध्या वितीपेक्षा जास्त असेल तर ते दार उघडंच आहे.

भिंतीवर बॉल जमिनीलगत लोटा, परत येताना ओंजळीत घ्या. दहा उजव्या गुडघ्यानं, दहा डाव्या. मग थोडा तिरका लोटा, म्हणजे एक पाऊल सरकून तीच क्रिया करावी लागेल. खडबडीत अंगणात बॉल मध्येच उडतो, ते उत्तमच. लाल मातीच्या मैदानावर दुसरं काय होतं?

टप्पा ४: टेनिस बॉल

एका वेळी पाच मिनिटं, जास्त नाही. यानं नजर आणि हात यांचा मेळ बसतो, पण टेनिस बॉल कितीही पकडलेत तरी डब्ल्यूची पकड शिकत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं हाच प्रकार अर्धा तास करतात, कारण दिसायला भारी दिसतो.

पहिलं: एका हातानं भिंतीवर टाकायचा, त्याच हातानं घ्यायचा. वीस उजवा, वीस डावा.

दुसरं: घरातलं कुणीही समोर दोन पावलांवर. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर पसरलेले, प्रत्येक हातात एक बॉल. ते न सांगता एक सोडतील, तो जमिनीवर दुसऱ्यांदा आपटायच्या आत तुम्ही पकडायचा. आईला सांगा, आई चांगलं फसवते. जमायला लागलं की अर्धं पाऊल मागं.

तिसरं: तुम्ही भिंतीकडं तोंड करून दीड-दोन मीटरवर, जोडीदार तुमच्या मागं. तो तुमच्या बाजूनं किंवा वरून भिंतीवर बॉल टाकेल, तुम्हाला तो भिंतीवर आपटल्यावरच दिसेल. डोळे उघडे ठेवायची सवय यानं लागते.

सावधान: डोळे जळजळले, मान दुखली, की थांबा. संध्याकाळच्या अंधुक उजेडात हा टप्पा नको.

टप्पा ५: पाय

ताशी १०० किलोमीटर वेगानं मारलेल्या पेनल्टीला ११ मीटर कापायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही एकच हालचाल करू शकता. ती योग्य पायावरून झाली नाही तर पुढं काही उरत नाही.

गोल २४ फूट रुंद, म्हणजे ७.३२ मीटर. मधून खांबापर्यंत १२ फूट. अंगणात खडूनं १२ फुटांची रेघ ओढा, दोन्ही टोकांना चप्पल ठेवा. आता एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बाजूनं सरका. पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत, टाचेला टाच लावायची नाही, डोकं वर-खाली होऊ द्यायचं नाही. किती पावलं लागली ते मोजा आणि लक्षात ठेवा. मैदानात गेल्यावर मधून खांबापर्यंत तुमची तेवढीच पावलं आहेत, मागं वळून खांब बघायची गरज नाही.

सहा फेऱ्या झाल्या की थांबण्याचा सराव. कुणाला तरी मनाला येईल तेव्हा टाळी वाजवायला सांगा. टाळी वाजली की जिथं असाल तिथं दोन्ही पाय जमिनीवर, दुसऱ्या टप्प्यातली स्थिती. पूर्ण थांबायचं. घरी कुणी नसेल तर मोबाइलवर एखादं गाणं लावा आणि ठरावीक शब्द आला की थांबा.

नेमकी चूक सांगतो. शॉट मारणारा पाय मागं नेतो तेव्हा गोली अंदाजानं उडी घेतो, लहानशीच, पण पाय बॉलला लागतो त्या क्षणी हा हवेत. हवेतून ढकलायला जमीन नसते. छोटं पाऊल घ्यायचं ते आधी, आणि पाय बॉलला लागताना दोन्ही चवडे खाली. टेरेसवर टाळीसोबत हेच घोटून घ्या.

लांब जायचं असेल, म्हणजे डोक्यावरून खांबाकडं जाणारा बॉल, तर पाय ओलांडायचा. पण मागं जायचं ते उलटं चालत नाही. कंबर वळवून, तिरकं, नजर बॉलवर. मागच्या मागं चालणारा गोली पाठीवर पडतो. दोरीवरच्या उड्या एक-एक मिनिट, तीनदा, शेवटी.

टप्पा ६: सुतळीचा हिशोब

हा टप्पा पोरांना कंटाळवाणा वाटतो. मला सगळ्यात आवडतो. पाऊस पडत असेल तर हॉलमध्येही होतो.

मैदान चौपट लहान करा. दोन बाटल्या ६ फुटांवर ठेवा, हा गोल. मधोमध समोर ९ फुटांवर खूण करा, हा पेनल्टीचा ठिपका. सुतळीची दोन टोकं दोन बाटल्यांना बांधा आणि मधला भाग ओढून बॉलभोवती आणा. दोन बाजू ताणल्या की व्ही तयार होतो. बॉल गोलात जायचा तर साधारण याच दोन रेषांमधून.

आता बॉलच्या जागी बसून गोलाकडं बघा, मोकळी जागा केवढी दिसते? मग सुतळीच्या मध्ये एक फूटपट्टी आडवी धरून ती गोलरेषेपासून बॉलकडं सरकवा. रेषेवर अंतर ६ फूट. ३ फूट पुढं आलात की ४ फूट. म्हणजे खऱ्या मैदानात रेषेवर उभं राहिलात तर २४ फूट झाकायचे, आणि १२ फूट पुढं आलात तर १६. आठ फूट फुकट मिळाले, एकही डाइव्ह न मारता.

आता बॉल उजव्या कोपऱ्याकडं न्या, सुतळी पुन्हा ताणा. इथं बहुतेकांचा गोंधळ उडतो. गोलाच्या मध्यावर फूटपट्टी ठेवून बघा: जवळच्या खांबाकडं मोठी फट दिसेल. तुमची जागा गोलाच्या मध्यावर नाही, दोन सुतळ्यांच्या मध्यावर आहे, आणि ती जवळच्या खांबाकडं सरकलेली असते. दहा वेगवेगळ्या जागी बॉल ठेवा, प्रत्येक वेळी आधी अंदाजानं चप्पल ठेवा, मग सुतळीनं तपासा. सुरुवातीला दहातले सात चुकतात. दोन आठवड्यांनी दोन.

सावधान: सुतळी उंची दाखवत नाही. खऱ्या गोलाची उंची २.४४ मीटर. बॉल लांब असताना फार पुढं आलात तर डोक्यावरून गेलाच. बॉल मारणाऱ्याच्या ताब्यातून सुटला, त्यानं मान खाली घातली, की पुढं. मान वर करून तो तुमच्याकडं बघतोय, तेव्हा थांबा.

टप्पा ७: पडणं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही पायरीपायरीनं.

जागा: हिरवळ, भुसभुशीत माती किंवा जाड गादी. फरशीवर सतरंजी अंथरून केलेलं "पडणं" म्हणजे फरशीवरच पडणं. कापसाची गादी फरशीवर सरकते, म्हणून खाली योगाची चटई किंवा ओलसर पोतं घाला. पलंगाचा कोपरा, कपाट, टीव्हीचं स्टँड सगळ्या बाजूंनी सहा फूट लांब.

शरीर जमिनीला लागण्याचा क्रम: पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, खुबा, कुशी, खांदा. म्हणजे कुशीवर पडायचं. पोटावर नाही, पाठीवर नाही, आणि कोपर टेकवून तर नाहीच. पाळण्याच्या दांड्यासारखं शरीर टेकत जातं. धपकन आवाज आला तर एकाच जागी सगळं वजन पडलं.

हात: खालचा हात बॉलच्या मागं, वरचा हात बॉलच्या वर, आणि तिसरा हात म्हणजे जमीन. बॉल जमिनीवर दाबून धरायचा. डोकं दोन्ही हातांच्या मागं, नजर हातांमधून बॉलवर. वरचा गुडघा थोडा वर उचललेला.

१. बसून. पाय एका बाजूला दुमडून बसा, बॉल हातात. बाजूला कलंडा, बॉल जमिनीवर ठेवा. सहा आणि सहा.

२. बसूनच, पण जोडीदार बॉल हळूच बाजूला लोटेल.

३. गुडघ्यांवर. आता खुबा टेकायला हवा, बरेच जण थेट खांद्यावर जातात.

४. उकिडवं बसून. बॉलच्या बाजूचा पाय अर्धं पाऊल तिरकं पुढं, मग पडा. सरळ बाजूला किंवा मागं नाही, पुढच्या कोनात. मागं पडलात तर हाताला लागून वळलेला बॉलसुद्धा गोलातच जातो.

घरी इथंच थांबायचं. उभ्यानं आणि उडी मारून पडणं मैदानावर, कोचसमोर. दहा वर्षांच्या आतल्यांना पहिल्या दोन पायऱ्या पुरेत.

कच्ची बाजू आधी करा. उजव्या हाताच्या पोरांना बहुधा डावीकडं पडायला भीती वाटते, आणि दमल्यावर ते ती बाजू टाळतात. म्हणून ताज्या अंगानं डावी.

सावधान: मनगट किंवा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर सराव बंद, डॉक्टरांकडं जा. डोकं आपटलं, चक्कर किंवा मळमळ झाली, तर त्या दिवशी खेळ संपला आणि घरातल्या मोठ्यांना लगेच सांगायचं. "काही नाही, बरं आहे" हे उत्तर इथं चालत नाही.

टप्पा ८: बॉल परत देणं

१९९२ पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलीला हातात घेता येत नाही. तरी आजही आपल्याकडं गोलीचे पाय सगळ्यात कच्चे, कारण गल्लीत ज्याला पळायचा कंटाळा त्याला गोलात उभं करतात.

भिंतीपासून चार मीटर. बॉल पायाच्या आतल्या बाजूनं भिंतीवर, परत आला की उजव्यानं थांबवा आणि डाव्यानं द्या. मग उलट. प्रत्येकी तीस. थांबवताना बॉल पायाखाली अडकवू नका, बाजूला अर्धं पाऊल सरकवा. समोरून कुणी धावत येतोय असं समजा.

हातानं देताना गुडघा वाकवा, हात जमिनीजवळ आणा आणि बॉल लोटा. उसळता कामा नये. सात-आठ मीटरवर दोन चपला, मध्ये तीन फूट. दहातले आठ जायला हवेत.

एक नवी गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून मोजून दाखवतो. तेव्हा घरी कॅच घेतल्यावर मनात मोजत चला: पकड, छातीशी, मान वर, कुठं द्यायचा ते ठरव, दे. पाच-सहामध्ये झालं पाहिजे.

आठवडा कसा बसवायचा

समजा मैदानावर सराव मंगळवार, गुरुवार आणि रविवारी आहे. सोमवारी हात आणि सुतळी. बुधवारी हात, टेनिस बॉल आणि पाय. शुक्रवारी हात, पडणं, बॉल परत देणं. शनिवारी सुट्टी, किंवा रविवारी मॅच असेल तर फक्त दहा मिनिटं मऊ कॅच. प्रत्येक दिवशी तीस मिनिटांच्या आत आटपा. दीड तास ओढून सराव केला की शेवटच्या अर्ध्या तासात हात ढिले पडतात आणि नेमकी तीच ढिली पकड अंगात मुरते. परीक्षेच्या दिवसांत दहा मिनिटांचा तिसरा टप्पा तेवढा ठेवा, बाकी सोडून द्या.

पंधरा दिवसांतून एकदा मोबाइल कंबरेच्या उंचीवर, बाजूला लावून दहा कॅच आणि दहा जमिनीवरचे बॉल रेकॉर्ड करा. तीनच गोष्टी बघा: बॉल येताना वजन चवड्यांवर आहे का, हात शरीराच्या पुढं आहेत का, डोळे उघडे आहेत का. व्हिडिओ कोचला दाखवा, आणि घरी काय काय करता तेही सांगा. तो मैदानावर वेगळं काही शिकवत असेल तर त्याचं ऐका. दोन पद्धतींमध्ये अडकलेला गोली कुठल्याच पद्धतीनं बॉल धरत नाही.

सराव संपल्यावर ग्लोव्हज

पोरं घामेजलेले ग्लोव्हज तसेच बॅगेत कोंबतात. दोन दिवसांनी वास येतो आणि महिन्याभरात लॅटेक्सची पापडं निघतात. कोमट पाण्यात बुडवून बोटांनी हलकेच चोळा, साबणाची पावडर नको, पिळायचं नाही, मुठीत दाबून पाणी काढा. उन्हात नाही, सावलीत वाळवा. दोरीवर लावताना चिमटा बोटांना नको, मनगटाच्या पट्ट्याला लावा. पुरते वाळले की बॅगेत ठेवताना तळव्याला तळवा चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला. आणि दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी तळव्यांवर थोडं पाणी शिंपडा. कोरडं लॅटेक्स बॉल धरत नाही.